दुर्मीळ गाढव

त्या राज्यात प्रत्येक प्राण्याचा मान खेळातला त्याच्या चित्राचा पत्ता किती दुर्मीळ यावर ठरत असे. पत्ते बंद पाकिटांतून निघत आणि पाकीट फोडेपर्यंत आत कोण आहे ते कळत नसे. वाघाचा पत्ता क्वचितच कुणाला लागे, म्हणून पाणवठ्यावर वाघ पहिला. गाढवाचा पत्ता मात्र हमखास निघे, एक सोडून दोन. म्हणून धोंडबा गाढवाला पाणी मिळे ते सगळ्यांच्या शेवटी, गाळासकट.

तरी धोंडबाला खेळाचा नाद जबर. रोज संध्याकाळी पळसाखाली तो येसू शेळीबरोबर डाव मांडी. कुठलाही बडा पत्ता मैदानात पायी येत नसे. आधी गाढव टाकायचे, मग त्याच्या पाठीवर वाघ. टाळ्या वाघाला मिळत आणि गाढव रद्दीच्या ढिगात जाई. धोंडबाला त्याचे काही वाटत नसे. डाव हरल्यावर येसू त्याला मनसोक्त चिडवी, आणि त्यातच त्याचा दिवस भरून निघे.

पण एकदा माकडिणीने त्याच्यादेखत त्याच्याच पत्त्याने पोराचे नाक पुसले. ते त्याच्या फार जिव्हारी लागले. मान हवा तर आपण कमी झालो पाहिजे, असे त्याच्या डोक्यात शिरले. आणि तिथे शिरलेले सहसा बाहेर पडत नसे. तो आपलेच पत्ते खाऊ लागला. उकिरड्यावरचे खाल्ले, डुगडुगणाऱ्या चौरंगांखाली सारलेले खाल्ले, खारीच्या दुकानातली शेवटची बंद पाकिटे आपला चारा देऊन मिळवली आणि त्यांतलेही खाल्ले. पोट पार बिघडले, पण भाव वधारला. कोल्हा त्याला अहोजाहो करू लागला.

शेवटी एकच पत्ता उरला, येसूकडचा, कोपरा चघळलेला.

"हा आता टाकायचा नाही," धोंडबा त्यावर खूर ठेवून म्हणाला. "जपून ठेवायचा."

"ठेवून काय करू? लोणचं घालू?" येसू म्हणाली. "आण इकडे, वाघ खोळंबलाय माझा."

त्याने तो पत्ता तोंडात धरला आणि थेट दरबारात नेऊन दिला.

दरबार हरखला. पत्ता काचेच्या पेटीत गेला. जो मान पत्त्याला तोच प्राण्याला, असा कायदाच होता, म्हणून पाणवठ्याच्या टेकाडावर धोंडबासाठीही काचेची खोली बांधली गेली. पहिले पाणी त्याला, तेही चांदीच्या वाटीत. अंगाला कुणी हात लावायचा नाही. खोलीबाहेर साळिंदराचा पहारा. सुरुवातीला धोंडबा छाती काढून उभा राहिला आणि येणारेजाणारे थबकून त्याला पाहत राहिले.

एका संध्याकाळी खाली पळसाजवळ येसू कासवाबरोबर खेळायला बसली. गाढवच नाही म्हटल्यावर डाव अडला. दोघांचे बडे पत्ते हातातच राहिले. धोंडबाला मनापासून बरे वाटले. आता येतील विनवायला, असे म्हणत तो कान टवकारून वाट पाहू लागला.

येसूने पळसाचे एक वाळके पान उचलले. कडेने कुरतडून त्याला चार पाय काढले, दोन लांब कान काढले.

"हे गाढव," ती म्हणाली.

कासवाने मान डोलावली. पानावर वाघ चढला, डाव रंगला, आणि कासव हरल्यावर येसू त्याला मनसोक्त चिडवू लागली.

धोंडबाला रडू कोसळले. "येसू, मला घे ना खेळायला," तो काचेला नाक लावून ओरडला. काच जाड होती. त्याच्या श्वासाने ती आतून धुरकट झाली, तसा साळिंदर लगबगीने आला आणि त्याने ती बाहेरून स्वच्छ पुसली.