लांबून काढलेली गल्ली

एकदा एक नदीकाठचं बाजारगाव होतं. त्या गावात एक म्हातारा फोटोवाला राहत असे, दस्तगीरचाचा त्याचं नाव. त्याच्यापाशी फोटोची विद्या शिकणारी एक कुंभाराची लेक होती, मंजुळा तिचं नाव. तिची आई गजराबाई, जिच्या हातची मडकी उन्हाळाभर गावाला गार पाणी पाजत. आणि एक शेठ होता, रंगनाथशेठ म्हणत त्याला. देवानं चौघांनाही डोळे दोन-दोनच दिले होते. पण कुठं उभं राहून बघायचं ते काही देव ठरवत नाही, ते ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं.

चाचांच्या दुकानात कॅमेरा एक आणि त्याला लावायच्या लेन्स दोन-तीन. आपण गाईम्हशींना नावानं हाक मारतो, तशी फोटोवाले लेन्सला आकड्यानं मारतात. चाचांचा जीव पन्नासचीवर. बोटभर लांबीची, कडेचा काळा रंग झिजून पितळ उघडं पडलेली. बायकोच्या जुन्या साडीच्या तुकड्यात ती गुंडाळून ठेवत, आणि सकाळी दुकान उघडलं की आधी तिच्यावर फुंकर, मग चहा.

मंजुळा हसायची. "चाचा, जग कुठल्या कुठं गेलं, आणि तुम्ही ह्या डबीला धरून बसलात. ना ती लांबचं जवळ आणते, ना जवळचं रुंद करते."

"म्हणूनच तर," चाचा म्हणायचे. पुढं काही सांगायचे नाहीत. कुणाचाही फोटो हातात आला की मात्र एकच प्रश्न विचारायचे, "काढणारा कुठं उभा होता?"

आता रंगनाथशेठच्या मनात काय होतं, तर कुंभारगल्ली उठवायची आणि तिथं मंगल कार्यालय बांधायचं. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. एक दिवस तो दुकानात आला तो हातभर लांबीची कोरी लेन्स घेऊनच.

"मंजू, ही तुला. माझ्या यंदाच्या कॅलेंडरवर तुझी गल्ली छापणार आहे मी. अशी काढ, की बघणारा बघतच राहिला पाहिजे. त्या पाण्याच्या टाकीवर चढ. तिथनं झकास दिसते."

"टाकीवरनंच का, शेठ?" चाचांनी विचारलं.

"तिथं उजेड बरा असतो, चाचा. तुम्हाला मी काय सांगणार!"

मंजुळेचे पाय जमिनीला लागेनात. गावात कुणापाशी नव्हती अशी लेन्स! ती गल्लीपासून लांब, पार माळावरच्या टाकीवर चढली. ऊन कललं होतं. लेन्समधून बघते तर काय, भिंतीला भिंत, कौलाला कौल, दोरीवरची लुगडी, भट्टीचा धूर, सगळं एकमेकांच्या अंगावर रचल्यासारखं, आणि वरून सोन्यासारखं ऊन. फोटो खरंच देखणा निघाला. गजराबाईनं तो बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, ही आपलीच ना? आपल्या दारात एवढी गर्दी कधी झाली?" मायलेकी हसल्या. चाचांनी फोटो हातात घेऊन विचारलेला नेहमीचा प्रश्न त्या दिवशी मंजुळेनं कानाआड केला.

कॅलेंडर काही निघालं नाही. निघाली ती नगरपालिकेची नोटीस. गल्ली अति दाट आहे, आगीचा बंब आत शिरू शकत नाही, भट्ट्यांमुळे साऱ्या गावाला धोका आहे, तरी रहिवाशांनी जागा मोकळी करावी, हरकत असेल तर सोमवारी सुनावणीला यावं. पुराव्याला सोबत जोडला होता मंजुळेचाच फोटो.

गल्लीत कुणी मंजुळेशी बोलेना. गजराबाईनं तिच्यापुढं ताट ठेवलं. "परक्या कुणी काढला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. तुला काय घालू? जेवायलाच घालते. जेव. आणि मग जाऊन निस्तर."

ती धावत दुकानात गेली. "चाचा, तालुक्याला भाड्यानं ती फार रुंद बघणारी लेन्स मिळते. तिच्यातनं आमचं बोळकांडही मैदान दिसतं. आणते. तसा फोटो काढून सुनावणीत टाकू."

"नको."

"अहो, घर जातंय माझ्या आईचं!"

"म्हणूनच नको. शेठनं लांबून लबाडी केली, आपण जवळून करायची. मग तो आणि आपण एकाच दुकानाचे झालो." चाचांनी चष्मा पुसला. "त्यानं दिलेली लेन्स घे आणि चल माझ्याबरोबर."

म्हातारा धापा टाकत टाकी चढला. पण गल्लीकडं त्यानं पाठच केली! लेन्स रोखली ती दुसऱ्या अंगाला, शेठच्या पेठेवर. गावातला सगळ्यांत रुंद रस्ता तो. जत्रेतला देवाचा रथ तिथूनच जातो. चाचा उन्हाची वाट बघत बसले, मग एका फोटोसाठी असा जीव ओतला, की जणू नवरदेवाचाच काढताहेत.

मंजुळा संतापली. "गल्ली आमची जाते, आणि तुम्ही शेठची माडी सजवताय?"

"गप बस आणि पायऱ्या उतरताना माझा हात धर," एवढंच चाचा बोलले.

सोमवारी सुनावणी झाली. मुख्याधिकारी एक तरुण बाई होत्या, गावात नव्यानंच आलेल्या. मंजुळेचा फोटो टेबलावर होता. चाचांनी त्याच्या शेजारी आपला ठेवला. बाईंनी तो बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"ही कुठली गल्ली? ही तर पहिलीपेक्षा वाईट आहे. माणसानं अंग चोरलं तरी आत जायचा नाही."

"शेठना विचारा," चाचा म्हणाले.

शेठ वाकला. आपल्या माडीचा कठडा त्यानं ओळखला आणि त्याचा चेहरा उतरला. "अहो, ही माझी पेठ! हिच्यातनं रथ जातो रथ!"

मागून गजराबाईचा आवाज आला, "मग आधी तीच पाडून घेऊ. आमचं बघू सावकाश."

सगळी कचेरी हसली. शेठ ओरडला, "हा कॅमेऱ्याचा चावटपणा आहे!"

"टाकी तीच, शेठ. लेन्सही तुम्हीच दिलेली. मी आपलं बटण दाबलं."

बाई गंभीर झाल्या. "मग ह्यातलं खरं काय?"

"दोन्ही खरं आहे, बाईसाहेब. टाकीवरनं. पण टाकीवर कुणी राहत नाही. लांब उभं राहून ओढून आणलं, की दोन घरांमधलं अंगण आधी नाहीसं होतं. पोरं खेळतात ते अंगण, मडकी वाळतात ते अंगण. लेन्स खोटं बोलत नाही. ती फक्त सांगते, की काढणारा किती लांब उभा होता. तुम्ही चालत चला."

"आणि येताना बंब घेऊन या!" गजराबाई पुढं आली. "गल्लीच्या दोन्ही कडांना मी माझी कोरी मडकी मांडते. बंब आत येऊ दे. एक जरी फुटलं, तर आमचं घर आम्ही आमच्या हातानं उतरवतो."

"आई!" मंजुळा दचकली.

"गप गं. घाबरायचं तर मडक्यांनी घाबरावं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. दोन्ही कडांना तांबडी मडकी मांडलेली, एखाद्या लग्नाच्या पंगतीसारखी. मंजुळेनं सवयीनं लांब लेन्स काढली, तर चाचांनी तिच्या हातात साडीचा तो तुकडा दिला. पन्नासची. "आज हिनं काढ."

"हिच्यात आई एवढीशी दिसते, चाचा."

"मग जा की जवळ. पाय कशाला दिलेत देवानं?"

ती चालत गल्लीत गेली, आईपासून चार हातांवर उभी राहिली. लाल बंब वळून आत शिरला. चाक मडक्यांच्या कडेकडेनं असं सरकलं, जसा हत्ती रांगोळीजवळून जातो. गजराबाई कमरेवर हात ठेवून उभी. तोंडात पान, मान ताठ. बंब तिच्यासमोरून गेला तरी तिनं पाऊल मागं घेतलं नाही. मंजुळेनं बटण दाबलं. बंब पलीकडच्या तोंडानं बाहेर पडला आणि मडकी होती तशीच होती.

एक फुटलं, पण ते मागाहून. रंगनाथशेठ तावातावानं निघाला आणि त्याचा पाय लागला.

"असू दे, असू दे, शेठ," गजराबाई म्हणाली. "हे बंबाच्या खात्यात धरणार नाही आम्ही."

मंजुळा पुढं झाली आणि ती हातभर लेन्स तिनं शेठच्या हातात ठेवली. "घ्या. लांबून बघायची सवय तुम्हाला आहे."

परतताना चाचा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "वेडे, चांगली लेन्स होती गं ती."

"तुम्हीच तर म्हणत होता..."

"मी कधी म्हटलं वाईट आहे म्हणून? रानात पाखरं टिपणारा तिच्यावर जीव टाकतो, कारण जवळ गेलं की पाखरू उडतं. लग्नाचा फोटोवाला रुंद लेन्सला सोन्यासारखी जपतो, मांडवात मागं सरायला जागा नसते बिचाऱ्याला. ज्याला त्याला आपली लाडकी. माझी पन्नासची, कारण ती माझी कामं करत नाही. माणूस हवा तर मला उठून त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं. चालत गेलं की तो म्हणतो, बसा, चहा घ्या. मग त्याच्या दारातली अंगणं दिसतात. माणसाला उठवायचा हुकूम ज्याला द्यायचा असेल, त्यानं आधी त्याच्या दारात चहा प्यावा. मग द्यावा, धीर झाला तर."

मंजुळेनं पन्नासची साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि परत द्यायला हात पुढं केला. चाचांनी तो हात तसाच मिटवला.

कुणाचं घर दाट आहे असं कुणी तुम्हाला फोटो दाखवून सांगितलं, तर फोटो बघू नका, काढणारा कुठं उभा होता ते विचारा.

नोटीस मागं घेतली गेली, आणि मुख्याधिकारी बाईंनी कुंभारगल्लीची घरं कुंभारांच्याच नावावर लावून दिली. गल्लीच्या तोंडाशी मंजुळेचा स्टुडिओ झाला. दारात टांगला आहे कमरेवर हात ठेवलेल्या गजराबाईचा फोटो, मागं बंब, पायाशी मडकी. तो बघायला आलेला माणूस पुढं चार पावलं टाकून मडकं घेऊनच जातो. भट्टी काही केल्या विझत नाही. लक्ष्मी त्या घरी आली ती चालत आली, पार उंबऱ्यापर्यंत, आणि गजराबाईनं तिला बसायला पाट दिला.