कैतानची केळीची बाग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की खाडीकाठच्या त्या गावाला तेव्हा अजून नावही पडलं नव्हतं. पहाटे तिथे धुकं उतरायचं आणि घरं, नारळी, देवळाच्या माथ्यावरचा क्रूस, सगळं पाण्यावर तरंगत असल्यासारखं दिसायचं.

त्या गावात कैतान नावाचा बागाईतदार राहत होता. लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे जमिनीचा एक तुकडा आणि केळीची थोडी रोपं, एवढंच होतं. संध्याकाळी तो आणि त्याची बायको रेजिन पेज पुढे घेऊन बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "देवबापा, आजचं अन्न दिलंस, तुझे उपकार." मग जेवत. पेज गोड लागायची.

बाग वाढली. केळीचे घड मचव्यात भरून पलीकडच्या तीरावरच्या बाजारात जाऊ लागले. कैतानचं कौलारू घर झालं. गावातली निम्मी माणसं त्याच्या बागेवर जगू लागली. यात वाईट काहीच नव्हतं. फक्त कैतानची प्रार्थना आखूड होत गेली. आधी घाईची झाली, मग पुटपुटण्यापुरती उरली, आणि एके संध्याकाळी त्याने सरळ घास उचलला.

"ही बाग माझ्या घामाची आहे," तो म्हणाला.

रेजिनने एकटीनेच हात जोडले.

सुगीचा रविवार आला. त्या दिवशी सगळं गाव देवाचे आभार मानायला देवळात जमायचं. खलाशीही कामावर आले नव्हते. कैतान मात्र मचवा भरत होता.

"अहो, आज तरी चला," रेजिन म्हणाली. "आणि धुकं बघा केवढं आहे."

"आज बाजारात माल घेऊन दुसरं कुणी नसेल," असं म्हणून कैतानने एकट्यानेच मचवा पाण्यात लोटला.

किनारा लगेच दिसेनासा झाला. वर पांढरं, खाली पांढरं. वल्ह्याचा आवाजसुद्धा कापसात बुडाल्यासारखा वाटत होता. देवळाची घंटा वाजली, पण ती चहूबाजूंनी ऐकू आली. कैतान इकडे वळला, तिकडे वळला, आणि मचवा चिखलात रुतून बसला. घसा कोरडा पडला होता. घाईत पिण्याचं पाणी घरीच राहिलं होतं. समोर खारी खाडी, पाठीशी हिरव्या, कडक केळ्यांचा ढीग. त्यातलं एकही खाण्याजोगं नव्हतं. त्याने हाका मारल्या. त्या धुक्यातच विरून गेल्या. एवढं सगळं आपलं असून आपल्यापाशी कुणीच नाही, हे त्याला त्या पांढऱ्या शांततेत पहिल्यांदा जाणवलं.

बऱ्याच वेळाने कुणाचं तरी गुणगुणणं ऐकू आलं. एक डुगडुगती होडी पुढे आली. तिच्यात शिंपल्यांतली कालवं वेचणारी एक म्हातारी होती.

"कोण रे बाबा? तहानलास वाटतं," असं म्हणत तिने आपलं गाडगं पुढे केलं.

कैतान घटाघटा प्यायला. तळाशी घोटभर पाणी उरलं. म्हातारीने गाडगं परत हातात घेतलं, डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि मग ओठाला लावलं.

"मावशी, एवढ्याशा पाण्याचे आभार?"

"पाणी तर रोजचंच आहे रे. पण आज त्यातलं कुणाला तरी देता आलं."

कैतान मान खाली घालून रडला. भरती आली, मचवा सुटला आणि म्हातारीच्या होडीमागून तो घरी पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोयता घेऊन बागेत शिरला. "या बागेनेच मला देवापासून तोडलं," असं म्हणत त्याने केळी कापायला सुरुवात केली. मजूर भोवती जमले. त्यांच्यातली कडेवर मूल घेतलेली एक बाई पुढे झाली. "शेठ, मग आम्ही काय खायचं?"

तेवढ्यात झगा सावरत देवळातले म्हातारे फादर धावत आले.

"थांब, कैतान!"

"फादर, मला यातलं काहीच नको."

"कुणी प्रेमाने दिलेलं असं फेकून देतात होय? बागेने तुला धरलं नव्हतं, लेकरा. तूच तिला मुठीत आवळलं होतंस. मूठ उघड. बाग राहू दे."

कैतान पडलेल्या केळींमध्ये खाली बसला. कोयता त्याच्या हातातून गळून पडला.

त्यानंतरही तो पूर्वीसारखाच राबत राहिला, पूर्वीसारखाच व्यापार करत राहिला. पण त्याच्या ओसरीवरून कुणी उपाशी गेलं नाही. ज्याच्याकडे जमीन होती पण रोपं नव्हती, त्याला त्याने रोपं दिली. कालवं वेचणाऱ्या म्हातारीला रेजिनने आपल्या घरी आणलं.

पुढे एका वर्षी वादळ झालं आणि सगळी बाग आडवी झाली. कैतान चिखलात उभा राहून मनसोक्त रडला. मग रेजिनचा हात धरून, जे उरलं होतं त्यासाठी त्याने देवाचे आभार मानले. त्याने मान वर केली, तर कुदळी घेऊन सगळं गाव बांधावर उभं होतं. मातीखाली केळीचे कंद अजून जिवंत होते. दोन पावसाळे गेले आणि बाग पुन्हा वाऱ्यावर सळसळू लागली.

तात्पर्य: संपत्ती देवाची देणगी समजून मोकळ्या हाताने बाळगावी; देणाऱ्याची आठवण राहिली, की संपत्ती माणसाला बांधून ठेवत नाही.