शंभर हात दोर आणि साडेबाराशे बगळे

एका राज्यात राजा सिंहासनावर होता आणि प्रजा झाडांवर. हसू नका, खरं तेच सांगतोय! कर्दमनाथ मांत्रिकाला कुणीतरी पंगतीत शेवटी बसवलं, आणि त्याने रागाच्या भरात साडेबाराशे माणसांचे बगळे करून टाकले.

राजा भद्रसेन पाया पडला, तेव्हा मांत्रिक म्हणाला, "हा शंभर हात दोर घे. नदीकाठी काटकोनी चौकोन आख. दोर तीनच बाजूंना. चौथी बाजू नदी. एक हात लांब, एक हात रुंद जागेत एकच बगळा बसेल. सगळे एकदम मावले, तर माणसं होतील. संधी तीन. त्या हुकल्या, तर कायमचे बगळे!"

राजा हर्षला. "नदीची बाजू फुकट! तीच भरपूर घ्या." दोर काठापासून दहा हात आत गेला, ऐंशी हात काठाकाठाने धावला, दहा हात परतला. बगळे उतरले. मावले आठशे!

सेनापती गरजला, "महाराज, उलट करू!" चाळीस हात आत, वीस हात काठाने, चाळीस परत. मोजले, तर पुन्हा आठशेच!

उरली एक संधी. तेव्हा दोर वळणारी हौसा पुढे आली. तिच्या खांद्यावर तिचा नवरा केरबा, बगळा होऊन बसलेला.

"अगं, जपून," तो म्हणाला. "चुकलीस तर जन्मभर बेडूक गिळायचे मला."

"गप बसा हो! माझं पिठलं तरी कुठे चावून खात होतात?"

राजाने विचारलं, "बाई, सेनापतीला न उमगलेलं तुला काय उमगलं?"

"महाराज, दहा हात आत गेलात, आठशे. चाळीस हात गेलात, तरी आठशेच. दोर आत नेलाच नाही तर जागा शून्य, आणि पन्नास हात नेला तर काठाला दोरच उरत नाही, पुन्हा शून्य. म्हणजे जागा डोंगरासारखी आधी चढत गेली, मग तशीच उतरली. डोंगराचा माथा दोहोंच्या बरोबर मध्ये असणार."

मग तिने रोजचंच काम केलं. दोरावरच्या दहाव्या आणि चाळिसाव्या हाताच्या खुणा एकमेकींना भिडवल्या, आणि मधली घडी चिमटीत धरली. पंचवीस!

पंचवीस हात आत, पन्नास काठाने, पंचवीस परत. बगळे थव्याथव्याने उतरू लागले. हजार! अकराशे! बाराशे! बाराशे एकोणपन्नास... आणि एक जागा रिकामी.

"अहो, उतरा की!"

"भीती वाटते गं."

हौसाने त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि कोपऱ्यातल्या जागेत ठेवलं. वीज कडाडली, पिसं उधळली, आणि साडेबाराशे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. इतकी दाटी, की नाक खाजवायचीही सोय नव्हती! मांत्रिकाने हात जोडले आणि तो धूर होऊन विरला. हौसाने काठाला बांधलेल्या दोराची गाठ सोडली. माणसं घरोघर गेली, चुली पेटल्या, राज्य नांदू लागलं. तुम्हीही आता रोखलेला श्वास सोडा.