चार हातांचं मीठ

समुद्राकाठच्या एका गावात एक सुगरण राहत होती. तिचं नाव सिसिलबाय. गावात लग्न असो, बारसं असो, नाहीतर सणाचं जेवण असो, मोठ्या पातेल्यातला डाव तिच्याच हातात असायचा. तीस वर्षांत तिच्या हातचं काही करपलं नाही की कच्चं राहिलं नाही. बायका म्हणायच्या, सिसिलबायने नुसतं पाणी उकळलं तरी पाहुणे दुसरा पेला मागतील. हे जरा जास्तच होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

त्या गावात स्वयंपाकाच्या दोन रीती फार कडक होत्या. पहिली, समारंभाचं अन्न गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने चाखल्याशिवाय कुणी जिभेला लावायचं नाही. दुसरी, ज्या बाईच्या हातून समारंभाचं पातेलं बिघडेल, तिने डाव खाली ठेवायचा आणि पुन्हा कधी उचलायचा नाही. दुसऱ्या रीतीची वेळ सिसिलबायवर कधी आली नव्हती. त्यामुळे ती तिच्या फारशी ध्यानातही नसे.

एके दिवशी तिच्या भावाच्या मुलीचा, एल्सीचा, साखरपुडा ठरला. नवऱ्याकडची माणसं दुसऱ्या गावची, आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत मोठी चोखंदळ. मुलाची आई फ्लोरीबाई तर एका घासात सांगायची की कांदा कधी चिरलाय, सकाळी की आदल्या दिवशी. एल्सीची आई ब्रिजित काळजीने अर्धी झाली.

"वन्सं, जेवणाचं राहू दे," ती सिसिलबायला म्हणाली. "पहिल्या बशीतच ही माणसं घराची परीक्षा करतात. पहिल्या बशीत काय द्यायचं?"

"सॉसेज," सिसिलबाय म्हणाली. "गोड-तिखट. त्याहून सोपं काही नाही आणि त्याहून लवकर संपणारंही काही नाही."

खरोखरच तो पदार्थ सोपा होता. घरात सॉसेजच्या माळा टांगलेल्याच होत्या. डुकराच्या मटणात लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि भरपूर मीठ घालून त्या भरलेल्या होत्या आणि चांगल्या उन्हात वाळवलेल्या होत्या. त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. कांद्यावर परतायचे. वरून गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. पाक चकाकला की उतरवायचे, आणि नारळाच्या हिराच्या काड्या टोचून बशीत मांडायचे. सांगायलाही वेळ लागत नाही.

पण सोप्या पदार्थाची एक खोड असते. अवघड हंडीच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नाही, आणि सोप्या पातेल्याला येणारा-जाणारा हात लावून जातो. सिसिलबायला हे ठाऊक होतं. म्हणून तिने पातेलं चुलीवर चढवतानाच सगळ्यांना बजावलं, "सॉसेजमध्ये मीठ आहे हं! वरून कुणी घालू नका."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात इतकी गडबड होती, की मान कशासाठी डोलावली हे मान खाली येईपर्यंत विसरायला होत होतं.

दुपार कलली. मंडपात पाहुणे बसले, गाणी सुरू झाली. रिकाम्या बशा मांडून तयार होत्या, पातेलं अजून चुलीवरच होतं. चाखायला मोनीआजीला आणलं. आजी नव्वदीची, दात एकही नाही, पण जीभ मात्र शाबूत. तिने एक तुकडा तोंडात धरला, चघळला, आणि तिचा सगळा चेहरा लिंबासारखा आखडला.

"अगं बायांनो," आजी म्हणाली, "पाहुणे जेवायला बोलावलेत की खारवायला?"

 बाहेरची गाणी फारच मोठ्याने ऐकू यायला लागली. ब्रिजित मटकन पाटावर बसली. "कुणी घातलं मीठ?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "कुणी केला हा घात?"

 मग हळूहळू, कुणी काही न ठरवताच, सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात उभ्या असलेल्या रेजिनाकडे वळल्या. रेजिना ही घरची नवी सून. शहरातून आलेली. तिला भात आणि पेज यांतला फरक अजून नीट कळत नव्हता, आणि हे साऱ्या गावाला माहीत होतं. दुपारभर ती पातेल्याजवळच बसून, मान खाली घालून काड्या सोलत होती. आपल्याकडे सगळे का बघतात हे तिला कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. "मी नाही," एवढंच ती म्हणाली, तेही इतक्या हळू की न म्हटल्यासारखंच.

सिसिलबायने मात्र मिठाच्या बरणीकडे पाहिलं. तिला आठवलं. कांदा परतताना ती मंडपवाल्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा हात आपला आपण मिठाच्या बरणीत गेला होता. तीस वर्षांची सवय. सगळ्यांना बजावणारी तीच, आणि मीठ घालणारीही तीच.

हे कुणी पाहिलं नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर रेजिनाच्या नावावर आणखी एक चूक जमा झाली असती, आणि नव्या सुनेच्या चुका गाव चार दिवसांत विसरतं. सिसिलबायची चूक कुणी विसरलं नसतं. डाव गेला असता. तीस वर्षं ज्या डावाने तिला गावात ओळख दिली, तो गेला असता, तोही भाचीच्या साखरपुड्याला, व्याह्यांच्या देखत. क्षणभर तिला वाटलं, गप्प राहावं. खोटं कशाला सांगू, तसंच वाटलं. मग तिने रेजिनाच्या हातांकडे पाहिलं. काड्या सोलून सोलून पोरीची बोटं लाल झाली होती.

सिसिलबायने डाव उचलला आणि मोनीआजीच्या मांडीवर ठेवला.

"मीठ मी घातलंय, आजी," ती म्हणाली. "चांगली चिमूटभर. पोरीचा काही संबंध नाही."

धन्य आहे त्या बाईची! भरल्या स्वयंपाकघरात असं बोलायला छाती लागते. रणांगणावर लढणाऱ्यांचं कौतुक होतं ते ठीकच आहे, पण चुलीपुढे उभं राहून स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने पुसायला निघणाऱ्या बाईचंही व्हायला हवं.

मोनीआजीने डावाकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं. "एका चिमटीने एवढं खारट होत नाही," ती म्हणाली. "मी नव्वद वर्षं मीठ खातेय."

  खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं दोघी-तिघींचं झालं होतं. शेवटी शेजारची नाताल घसा साफ करत म्हणाली, "मीपण थोडं टाकलं. मला वाटलं, गडबडीत राहिलं असेल."

"मीपण," तिची जाऊ म्हणाली. "पण अगदी चिमूटच हं."

"कुणाची चिमूट?" मोनीआजीने विचारलं. "तुझी, की तुझ्या नवऱ्याची?"

जाऊ लाजली. "मूठच म्हणा," ती म्हणाली.

आणि मग पाटावर बसलेल्या ब्रिजितने तोंडाला पदर लावला. "वन्सं," ती म्हणाली, "आत्ता आजीला आणायच्या आधी मीही घातलं गं. घाबरले होते. हाताला काहीतरी करायला हवं होतं."

एरवी बायका हसून हसून लोळल्या असत्या. पण वेळ नव्हता, आणि सिसिलबायचं डोकं आता भराभर चालायला लागलं होतं. आतापर्यंत तिला एवढंच माहीत होतं की पातेलं खारट आहे. आता तिला हेही कळलं की मीठ किती आहे, आणि कधी पडलंय.

"नाताल, तू कधी घातलंस?"

"पाक उकळत होता तेव्हा."

"आणि तू?"

"तिच्या पाठोपाठच."

"म्हणजे माझं तेवढं आत मुरलंय," सिसिलबाय म्हणाली. "तुमचं तिघींचं अजून बाहेर पाकातच आहे. उतरवा पातेलं!"

मोनीआजीने डाव परत तिच्या हातात दिला. "घे," ती म्हणाली. "बिघडलेलं पातेलं टाकून देतात, त्याला रीत लागू. तू हे टाकणार आहेस का?"

"नाही, आजी."

"मग माझ्या मांडीवर कशाला ठेवतेस? जड आहे तो."

सगळा पाक ओतून दिला. सॉसेजचे तुकडे कढत पाण्यातून एकदा विसळून घेतले. आत मुरलेल्या मिठाला वाटेकरी हवा होता. भाजीसाठी उकडलेले बटाटे होते, ते रेजिनाने भराभर चिरून दिले. जेवणानंतरसाठी आणलेला अननस होता, त्याच्याही फोडी घातल्या. नवा गूळ, नवं व्हिनेगर, आणि या खेपेला मिठाची बरणी मोनीआजी पदराखाली घेऊन बसली. मंडपात तिसरं गाणं संपता संपता पाक चकाकला. एका काडीला एक सॉसेज, एक बटाटा, एक अननस. आजीने चाखलं आणि काही न बोलता दुसरी काडी उचलली.

बशा गेल्या तशा रिकाम्या परत आल्या. मग फ्लोरीबाई स्वतःच उठून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं. "असं मी कधी खाल्लं नाही. कृती सांगा."

ब्रिजितने सिसिलबायला हळूच कोपर मारलं. "सांग, आपल्या घरची जुनी कृती आहे म्हणून," ती कुजबुजली.

सिसिलबायने डाव पुसला. "कृती अशी, विहीणबाई," ती म्हणाली. "आधी चौघींनी मिळून मीठ घालायचं, एकमेकींना न सांगता. मग म्हातारीचं तोंड वाकडं झालं की खरं खरं सांगून टाकायचं. पुढचं गूळ आणि बटाटा बघून घेतात."

ब्रिजितने डोळे मिटून घेतले. फ्लोरीबाई मात्र चौघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

"एल्सीला स्वयंपाक कुणी शिकवला?" तिने विचारलं.

"मीच," सिसिलबाय म्हणाली. आता काहीही झालं तरी खरं तेच सांगायचं होतं.

"मग बरं झालं," फ्लोरीबाई म्हणाली. "अंगठी मी मुलाच्या हट्टापायी आणली होती. मनातून घाबरत होते, कोण जाणे कसली पोरगी येते. आता घाबरत नाही. माझ्या घरात काही बिघडलं, तर ते मला तिच्याच तोंडून कळेल."

तात्पर्य: लपवलेल्या चुकीचं माप कळत नाही, आणि माप कळल्याशिवाय ती सुधारता येत नाही, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला वाटा आपण सांगावा.