रंभाक्का कासारणीची शेवटची ओवी

बाळ रडतंय आणि आवाज येत नाही, असं तुम्ही कधी पाहिलंय का? आमच्या सातोळीनं पाहिलंय.

फार फार वर्षं झाली त्याला. तेव्हा सातोळीत रंभाक्का नावाची कासारीण होती. बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून ती दारोदार फिरे. बाईचा हात आपल्या हातात घेऊन हलकेच दाबी, बांगडी चढवी आणि चढवता चढवता तिच्यासाठी नवी ओवी म्हणे. एकीची ओवी दुसरीला कधी दिली नाही, असं म्हणतात. बायका ती ओवी घरी नेत. ताक घुसळताना, शेण सारवताना, लेकराला न्हाऊ घालताना म्हणत. त्यामुळे कामाचा शीण वाटत नसे.

गावचे पाटील दौलतआबा. एकदा ते चावडीवर बसले असताना पाणवठ्यावरून ओवी ऐकू आली:

आबांची मिशी गं, लोण्यावर पोसली,
रेडकाला दूध नाही, म्हैस मनी रुसली.

चावडीवरची माणसं खाली बघून हसली. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी दवंडी दिली, "कासारणीच्या ओव्या कासारणीला परत करा. भंडारा उचलून शपथ घ्या, पुन्हा म्हणणार नाही म्हणून."

पाटलाचा शब्द कोण मोडणार? बायका एकेक करून रंभाक्काच्या ओसरीवर गेल्या. आपापली ओवी म्हटली, भंडारा उचलला आणि मुकाट्यानं परतल्या. रंभाक्का प्रत्येकीच्या हाताकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून गावातल्या बांगड्या वाजेनाशा झाल्या. काचेवर काच आपटे, पण किणकिण नाही. बायका हात कानाशी नेऊन हलवत आणि एकमेकींकडे बघत. मग ताक घुसळायच्या रवीचा आवाज गेला. गुरांच्या गळ्यातल्या घंटा मुक्या झाल्या, वासरं आईला शोधत रानोमाळ फिरू लागली. लोकांची बोलणी तेवढी उरली होती, तीही हळू आवाजात. सगळं गाव हबकून गेलं.

"बरं झालं, कटकट गेली," आबा म्हणाले.

अशातच आबांची सून चांगुणा बाळंत झाली. मुलगा झाला. धडधाकट, डोळे टक्क उघडे. त्यानं रडायला तोंड उघडलं, चेहरा लाल झाला, मुठी वळल्या आणि आवाजच आला नाही. सुईणीच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाळ दूधही ओढेना. चांगुणा त्याला छातीशी धरून आबांकडे नुसती बघत राहिली. आबा तसेच उठले. पागोटंही न घालता ते रंभाक्काच्या दारात गेले.

"आक्का, काय केलंस माझ्या गावाला?"

"मी काय करणार, आबा? शेजारणीचं भांडं तुमच्या घरून परत कसं जातं?"

"चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामं भांडं देऊ नये."

"मग अख्ख्या गावानं माझ्या दारात रिकामी भांडी आणून ठेवली की. तुमच्याच शब्दावर."

आबांनी सगळ्यांची शपथ सोडवली. बायका पुन्हा ओसरीवर जमल्या. त्यांतल्या शेवंतानं सगळ्यांत आधी आपली ओवी म्हटली:

पीठ मळता मळता सरून गेली रात,
तव्यावर चांद माझा, चटका हातात.

मग पदरची एक ओळ घातली:

चटक्याचं काय गं, पोरं पोटभर खातात.

तिच्या बांगड्या किणकिणल्या. तीच इतकी दचकली की दोन पावलं मागे सरली. मग एकेकीनं आपली ओळ जोडली आणि गावात एकेक आवाज परत आला.

चांगुणा तेवढी घरी बाजेवर होती. तिची ओवी आबांनी म्हटली, अडखळत:

माहेरच्या वाटेला बाभळीची फुलं,
मागं वळून पाहता पाऊल माझं भुलं.

"आता तुमची ओळ," रंभाक्का म्हणाली.

"मला कुठं येतं?"

"लोण्यावर पोसलेल्या मिशीला एवढंही जमेना होय?" शेवंताची म्हातारी सासू मागून म्हणाली. ती कुणाला भ्यायची नाही.

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते म्हणाले:

सासऱ्याच्या दारी आता हसू दे गं मुलं.

पाटलाच्या वाड्यातली रवी वाजली, गोठ्यातल्या घंटा वाजल्या. बाळ मात्र तसंच मुकं.

"त्याला कुणी ओवी दिलीच नव्हती, तर परत काय मिळणार?" रंभाक्का म्हणाली. "माझ्याजवळ आता एकच उरलीय. मी जन्मले तेव्हा मला मिळालेली. तिच्यावरच माझी वाचा आहे."

मग ती स्वतःच उठली, वाड्यावर जाऊन बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. बाळानं असा टाहो फोडला की झाडावरचे बगळे उडाले, असं म्हणतात.

आजही सातोळीत कासार बांगड्या भरायला बसला की रंभाक्काच्या नावानं तोंड मिटून घेतो आणि ओवी बाईनं स्वतः रचायची असते. गावात बाळ जन्मलं की घरातला थोरला पुरुष त्याच्या कानात एक ओळ म्हणतो. वेडीवाकडी का असेना.

बाळाच्या त्या टाहोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाक्का माळ घेऊन शेवंताच्या दारी आली, तिचा हात हातात घेतला, तोंड उघडलं आणि शब्द फुटला नाही. तेव्हा शेवंताच स्वतः रचलेली ओवी म्हणू लागली आणि रंभाक्कानं बांगडी चढवली.