दोन कुलपांची पेटी

“धाकटी बोलत नाही ना, तिच्यापासूनच जपा. बोलणाऱ्यांचं सगळं ओठांवर तरी असतं.”

हे जाऊबाई मोठ्या भावोजींना सांगत होत्या. कुडाच्या पलीकडून. अलीकडे मी डाळ ढवळत होते.

माझ्या लग्नाला तेव्हा दीड महिना झालेला. पंधराव्या दिवशी आमच्या जाळ्यात घोळ मासे लागले, जाळं फाटेल इतके. घोळ म्हणजे पाण्यातलं सोनं. ज्या घरात कडी लावायला दार नव्हतं तिथे पैसे ठेवायला लोखंडी पेटी आली. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली भावोजींच्या कमरेला, दुसरी आमच्या ह्यांच्या.

तेव्हापासून होडी वाळूवरच. एक समुद्रावर गेला तर दुसरा पेटीपाशी एकटा राहणार, म्हणून दोघंही घरी. बोलणं बंद, म्हणून पेटीही बंद.

शेवटी गोष्ट वाटणीवर आली आणि आम्ही चौघं जाफरबाबांकडे गेलो. म्हातारा फकीर आमच्याच होडीच्या सावलीत बसला होता.

“बाबा, होडी मी बांधली. मोठा वाटा कुणाचा?” भावोजींनी विचारलं.

“आणि जाळं कुणी टाकलं?” हे म्हणाले.

“आज जेवलात काय?” बाबांनी विचारलं.

“... डाळ.”

“कोळ्याच्या घरी?”

“महिना झाला,” जाऊबाई पुटपुटल्या.

“बरं... आत्ता पेटीपाशी कोण आहे?”

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग दोघे भाऊ पळत सुटले. धाकट्याने पुढे जाऊ नये म्हणून थोरल्याने त्याचा सदरा धरलेला. महिनाभरात पहिल्यांदाच दोघं एका दिशेने धावत होते. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मला तर पदरही पुरेना.

धापा टाकत परत आले.

“आहे?” बाबांनी विचारलं.

“आहे. जशीच्या तशी.”

“राखली कुणी?”

“कुणीच नाही.”

“चांगली राखली.”

“थट्टा पुरे, बाबा!” भावोजी चिडले. “वाटणीचं बोला.”

बाबांनी होडीच्या दोन फळ्यांमध्ये बोट घातलं. उन्हाने लाकूड आकसलं होतं. बोट पार पलीकडे निघालं. ते तिथे हलवत बसले.

“आणखी पंधरा दिवसांनी हात जाईल,” बाबा म्हणाले. “मग वाटणी सोपी. सरपण वाटायला कितीसा वेळ लागतो?”

...

बाबांनी डोळे मिटून घेतले. पाणी वाळू चढत चढत होडीपासून चार हातांवर आलं होतं.

मी पदर खोचला.

“भरती आलीय. भावोजी, तुम्ही मागून खांदा लावा, हे पुढून ओढतील. दोन दिवस पाण्यात मुरली की लाकूड फुगून फटी मिटतील. आणि दोन्ही किल्ल्या जाऊबाईंकडे द्या... ढकलताना कमरेत टोचतात.”