शिंगे नसलेल्यांची रांग

वाराणसीचा राजा सुषेण शिकारीवाचून घास गिळत नसे, त्या काळी बोधिसत्त्व जवळच्या अरण्यात म्हातारा चितळ होऊन राहत होता. कळपाचा नायक महाशृंग. त्याच्या शिंगांचा पसारा एवढा, की एका फाट्यावर पोपटांचे लग्न लागले तरी दुसऱ्या फाट्यावरच्या घुबडाची झोप मोडत नसे. खोटे वाटत असेल तर त्या घुबडाला विचारा.

कळपाची रीत अशी, की सभेत बोलायचे ते शिंगवाल्यांनीच. माद्या आणि पाडसे मागे गप्प बसत. ज्याची शिंगे गळाली, तोही नवी फुटेपर्यंत त्यांच्यातच बसे. त्या वेळी बोधिसत्त्वाची शिंगे नुकतीच गळाली होती.

राजाची माणसे रान उठवायला येणार असे कळले. पाडसांना जांभळीखालच्या घळीत लपवायचे, असे सभेत ठरले. ते ऐकून बोधिसत्त्वाशेजारी बसलेली टिपकी नावाची पाडशी थरथरू लागली. त्याने हळूच विचारले, "काय गं बाळ?"

"आजोबा, तिथं आम्ही खेळायलासुद्धा जात नाही. तिथला ओंडका श्वास घेतो."

बोधिसत्त्वाच्या अंगावर काटा आला. तो बोलायला उठला, तर महाशृंग म्हणाला, "आजोबा, आधी डोक्यावर काहीतरी उगवू द्या." सभा खिदळली. तेवढ्यात ढोल वाजले नि पळापळ झाली.

मग कुठे लपावे, हे बोधिसत्त्वाने पाडसांनाच विचारले. टिपकीने नदीकाठचे लव्हाळे दाखवले. पण नायकाचा लेक मानाचा, म्हणून त्याला सगळ्यांत आधी घळीत धाडले होते. बाकीच्यांना टिपकीच्या मागे लावून म्हातारा घळीकडे धावला.

तो ओंडका म्हणजे अजगर. त्याने पाडसाला विळखा घातला होता. म्हाताऱ्याने खूर झाडले, उघडे कपाळ आपटले. पाडसाचा विळखा सुटला तो म्हाताऱ्यावरच पडला आणि त्यात त्याचा जीव गेला. पाडस कसेबसे बाहेर आले आणि बापाची वाट पाहत तिथेच मेले.

ढोल थांबल्यावर महाशृंग आला. लेकाला हुंगून झाल्यावर, पाडसांकडून ओंडक्याचे कळताच त्याने टिपकीला विचारले, "तुला ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

"महाराज, मला शिंगं नाहीत."

महाशृंगाने त्याच जांभळीवर आपली शिंगे मोडून टाकली. पुढे तो पाडसांच्या रांगेतच बसे, आणि सभेत पहिला शब्द पाडसांचा असे.

भिक्षूंना ही आपल्या पूर्वजन्मीची गोष्ट सांगणारे शास्ते एवढे बोलून थांबले. मग म्हणाले, "नवशिक्या लहान श्रामणेरांना न विचारता दूरच्या विहारात धाडायला निघालेला हा ज्येष्ठ भिक्षू, हा स्थविर, तो तेव्हाचा महाशृंग. दाराशी बोचके घेऊन उभे असलेले हे पोर म्हणजे टिपकी. म्हातारा चितळ मी होतो."

स्थविराने पोराला जवळ बोलावून त्याचे मन विचारले. पोराने बोचके खाली ठेवले. त्याला असे कुणी कधी विचारलेच नव्हते.

ही करुणेची पारमिता, म्हणजे करुणेची परिपूर्णता.